गायरानावर कार्बन क्रेडिट: सही करण्याआधीची कामं, त्यांच्या क्रमाने

गावाच्या माळावर 'कार्बन शेती' (माती-गवतात जास्तीचा कार्बन साठवून त्याचं क्रेडिट कंपन्यांना विकणं) करायची म्हणून एखादी कंपनी किंवा संस्था येते तेव्हा बहुतेक ठिकाणी घटनाक्रम ठरलेला असतो. आधी सरपंचाची सही, मग फोटो, मग मातीचे नमुने आणि सगळ्यात शेवटी कोणाला तरी आठवतं की ती जमीन शासनाची आहे आणि पावसाळ्यात तिथे बाहेरगावची मेंढरं चरतात. क्रम उलटा झाला की पुढचं सगळं काम कच्च्या पायावर उभं राहतं. पैसे तर मिळत नाहीतच, वर वीस-चाळीस वर्षांची बांधिलकी मात्र गावाच्या नावावर राहते.

हा लेख ग्रामपंचायत सदस्य, ग्रामसेवक, मेंढपाळांच्या संघटना आणि गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे. पहिले पाच टप्पे करार हातात घेण्याआधीचे आहेत.

टप्पा १: जमीन कोणाची ते कागदावर पाहा

गावात 'गायरान' म्हणून ओळखली जाणारी जमीन कागदावर चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकते, आणि प्रत्येकीचा कायदा वेगळा आहे. तलाठ्याकडून त्या गटांचा सातबारा, गट नकाशा आणि गाव नमुना १-अ (वन), १-ब (बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनी) व १-इ (अतिक्रमण) यांचे उतारे घ्या. विदर्भात असाल तर निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या गावाच्या वहिवाटीच्या जुन्या नोंदीही मागवा. चराईचे जुने हक्क बऱ्याचदा त्यातच लिहिलेले असतात.

महसुली गायरान असेल तर मालकी शासनाची आणि सांभाळ ग्रामपंचायतीचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६चं कलम २२-अ गायरान दुसऱ्या वापराकडे वळवण्यावर कडक बंधनं घालतं. गावाच्या सामाईक जमिनींबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११चा जगपाल सिंग निकाल आणि त्यानंतरचा राज्याचा १२ जुलै २०११चा शासन निर्णयही याच दिशेचा आहे. त्यामुळे गुरं बंद करून तारेचं कुंपण घालायचा प्रकल्प असेल, तर तो कार्बनच्या आधी या कलमाला अडखळतो. चराई चालू ठेवून तिची पद्धत सुधारणाऱ्या प्रकल्पाची बाजू इथे मजबूत असते.

वनजमीन असेल तर वन हक्क कायदा २००६ लागतो. त्याच्या कलम ३(१)(ड) मध्ये चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क आहे, तर ३(१)(आय) मध्ये सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा आणि तिचं व्यवस्थापन करण्याचा. दावा मंजूर असेल तर निर्णय ग्रामसभेचा. दावा पडून असेल तर आधी तो पुढे सरकवा, कार्बनचं नंतर.

तिसरा प्रकार पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतलं झुडपी जंगल. पिढ्यान्‌पिढ्या चराईला वापरात असलेली ही जमीन महसुली की वन, हा घोळ फार जुना. २२ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच असल्याचं स्पष्ट केलं. त्याआधी तयार केलेले प्रस्ताव आता तसेच्या तसे चालणार नाहीत.

चौथा प्रकार खाजगी माळरान. तिथे मालकाची संमती लागते. सामाईक सातबारा असेल तर सगळ्या सहधारकांची.

सावधान: १-इ मध्ये अतिक्रमणाची नोंद असलेला गट प्रकल्पात घेऊ नका. अतिक्रमण हटवण्याचं काम कार्बन कंपनीच्या नावाखाली करून घ्यायचा मोह काही गावांना होतो. त्यातून भांडण गावाच्या गळ्यात पडतं आणि क्रेडिट देण्याआधीच्या पडताळणीत तो गट तसाही बाद होतो.

टप्पा २: चरतं कोण, ते बारा महिन्यांचं लिहा

सगळ्यात जास्त चुकणारा टप्पा हाच. पाहणीचं पथक साधारण जानेवारी-फेब्रुवारीत येतं, माळ रिकामा दिसतो आणि अहवालात 'चराईचा दाब कमी' असं लिहिलं जातं. पण पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगरकडच्या माळांवरचे कितीतरी धनगर वाडे (कळपासोबत फिरणाऱ्या कुटुंबांचे तळ) त्या काळात खाली कोकणात किंवा दूरच्या शेतांत मेंढ्या बसवायला गेलेले असतात. पावसाळ्यात ते परत येतात, आणि गवत वाढतं तेही नेमकं तेव्हाच. म्हणजे चराईचा खरा हिशेब त्या पाहणीत आलेलाच नसतो.

म्हणून एक साधा तक्ता करा. उभ्या रकान्यात बारा महिने आणि आडव्या ओळींत गावातली गुरं, गावातल्या शेळ्या, गावातले मेंढपाळ, बाहेरून येणारे वाडे. प्रत्येक चौकटीत अंदाजे जनावरं, किती दिवस, पाण्याची जागा आणि येण्याजाण्याची वाट. हा तक्ता मेंढपाळांसमोर बसून भरा आणि त्यातल्या बायकांना नक्की विचारा. कोकरं, पाणी आणि मुक्कामाच्या जागा यांचा तपशील त्यांच्याकडे जास्त पक्का असतो.

बाहेरगावचे मेंढपाळ तुमच्या ग्रामसभेचे मतदार नसतात, म्हणून ठरावात त्यांचा आवाज आपोआप येत नाही. तो मुद्दाम आणावा लागतो. उत्तर केनियातल्या मोठ्या गवताळ कार्बन प्रकल्पाचं उदाहरण समोर आहे. तिथे मातीच्या गणितावर शंका घेतली गेलीच, पण जानेवारी २०२५ मध्ये इसिओलोच्या न्यायालयाने बिलिको बुलेसा आणि चेराब ही दोन संवर्धनक्षेत्रं लोकांना पुरेसं सामील न करता उभी केल्याबद्दल बेकायदा ठरवली. त्यातलं पहिलं या प्रकल्पाच्या क्षेत्रात होतं. संमतीतली त्रुटी दहा वर्षांनीही उकरून निघते.

तपासा: तक्त्यात जुलै ते ऑक्टोबरचे रकाने रिकामे आहेत का? असतील तर तक्ता चुकीच्या माणसांना विचारून भरलाय.

टप्पा ३: कोणत्या धोरणाखाली काम आहे ते ओळखा

'सरकारी योजना आहे' एवढ्या वाक्यावर सह्या होतात. सध्या तीन वेगळ्या व्यवस्था आहेत आणि तिन्ही एकमेकींत मिसळून सांगितल्या जातात.

पहिली, केंद्राची कार्बन क्रेडिट व्यापार योजना. २८ जून २०२३ची अधिसूचना आणि डिसेंबर २०२३ मधली दुरुस्ती यांवर ती उभी आहे. कारभार ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोकडे आणि नियमन केंद्रीय वीज नियामक आयोगाकडे. दुरुस्तीनंतर ज्यांच्यावर उत्सर्जन घटवण्याची सक्ती नाही त्यांनाही प्रकल्प नोंदवून क्रेडिट मिळवायची वाट मोकळी झाली. मात्र त्यासाठी क्रेडिट मोजायची मंजूर कार्यपद्धती लागते. मार्च २०२५ला मंजूर झालेल्या पहिल्या यादीत खारफुटीची लागवड आहे, चराई-व्यवस्थापनावर बेतलेली पद्धत नाही. कोणी या योजनेचं नाव घेतलं तर त्याच्याकडे कार्यपद्धतीचा क्रमांक मागा.

दुसरी, हरित क्रेडिट. ऑक्टोबर २०२३चे हे नियम पर्यावरण संरक्षण कायद्याखाली आले. हरित क्रेडिट म्हणजे कार्बन क्रेडिट नव्हे, आणि गवताळ रानाला ही व्यवस्था मुळातच अडचणीची आहे. फेब्रुवारी २०२४च्या पद्धतीत हेक्टरी किमान ११०० झाडांची अट होती. ऑगस्ट २०२५च्या सुधारित पद्धतीत पाच वर्षांनंतरचं मोजमाप आणि किमान ४० टक्के वृक्षछत्र आलं. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं वाढणाऱ्या मुरमाड माळावर ४० टक्के छत्र उभं करणं म्हणजे ते कुरण मोडणं. सरकारी नकाशांत असे माळ 'पडीक' म्हणून दाखवलेले असतात, त्यामुळे रोपवनाचा प्रस्ताव कागदावर फार पुण्याचा दिसतो. माझं मत स्पष्ट आहे: चराऊ गवतावर दाट रोपवनाचा प्रस्ताव आला तर तो नाकारा, रोपं फुकट असली तरी.

तिसरी व्यवस्था ऐच्छिक बाजाराची. गावात येणारे बहुतेक प्रस्ताव याच वर्गातले असतात. त्यात सरकार पैसे देत नाही. व्हेरा किंवा गोल्ड स्टँडर्डसारख्या खाजगी नोंदणीसंस्थेच्या नियमांनी क्रेडिट निघतात आणि कंपन्या ती विकत घेतात. जानेवारी २०२४ला केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजारासाठी आराखडा जाहीर केला, पण तो मार्गदर्शक आहे, हमी नव्हे. व्हेराच्या पद्धतींपैकी व्हीएम००३२ चराई आणि आगीच्या बदलांवर आहे, व्हीएम००४२ शेतजमीन व कुरणांच्या सुधारित व्यवस्थापनावर, तर व्हीएम००४७ झाडं लावण्यावर. प्रस्तावात यातला कोणता क्रमांक आहे एवढं पाहिलं तरी तोंडी 'चराई सुधारणा' म्हणणाऱ्याच्या मनात खरं काय आहे ते कळतं.

आणि एक. मातीतला कार्बन कोणाच्या मालकीचा, हे सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. म्हणूनच शासनाच्या जमिनीवरचं क्रेडिट ग्रामपंचायत एकटी विकू शकते असं धरून चालू नका. जिल्हाधिकारी कार्यालयाचं लेखी उत्तर घ्या, वनजमीन असेल तर वनविभागाचंही. तोंडी होकाराला इथे काडीची किंमत नाही.

टप्पा ४: मूळ स्थिती मोजा

क्रेडिट मिळतं ते फरकाचं. आज किती कार्बन आहे आणि पाच-सात वर्षांनी किती, यातला फरक. पहिलं मोजमाप हुकलं तर नंतर ते दुरुस्त करता येत नाही, कारण तोवर आजची माती उरलेली नसते.

आधी माळाचे तुकडे पाडा: सपाट माथा, उतार, ओढ्याकाठची खोल माती, आणि पाणवठ्याजवळची व वाडा बसायची जागा. शेवटचा तुकडा वेगळा ठेवणं फार गरजेचं. मेंढ्या बसलेल्या जागी लेंडीखताने कार्बन भरमसाट निघतो. तिथला एखादा नमुना सरासरीत मिसळला की मूळ आकडा फुगतो आणि पुढे सुधारणा झाली तरी ती कागदावर दिसत नाही.

प्रत्येक तुकड्यात जागा चिठ्ठ्या टाकून किंवा नकाशावर आधी ठरवून घ्या. चालता चालता 'इथे बरं दिसतंय' म्हणून खणू नका. जागेचे अक्षांश-रेखांश लिहा. सर्वसाधारण रीत ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर अशा दोन थरांची. दख्खनच्या माळावर बऱ्याच ठिकाणी १५-२० सेंटिमीटरवरच मुरूम लागतो. तिथे खोली जेवढी मिळाली तेवढीच लिहायची. तीस धरून गणित केलं की नसलेली माती हिशेबात येते.

प्रयोगशाळेला माती देताना चार गोष्टी लेखी सांगा.

पहिली, दगडगोटे. दोन मिलिमीटरवरचा खडा गाळून त्याचं प्रमाण वेगळं कळवायला सांगा.

दुसरी, घनता. ठरावीक मापाच्या नळीने काढलेली माती वाळवून तिचं वजन घ्यावं लागतं. काळी माती ओलीत फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून घनता ऋतूप्रमाणे बदलते. पहिलं मोजमाप नोव्हेंबरात केलंत तर दुसरंही नोव्हेंबरातच, आणि साधारण तशाच ओलीत.

तिसरी, चुनखडी. आपल्या जमिनींत मुक्त चुना भरपूर. माती जाळून कार्बन मोजणारं यंत्र चुन्यातला कार्बनही मोजतं आणि आकडा वाढलेला दिसतो. आम्लाने चुना काढून मग मोजा किंवा तो वेगळा मोजून वजा करा, असं स्पष्ट लिहून द्या.

चौथी, पद्धत. वॉकली-ब्लॅक ही रसायनांनी कार्बन मोजायची नेहमीची पद्धत सगळा सेंद्रिय कार्बन पकडत नाही, म्हणून निकालाला साधारण १.३ने गुणतात. काही प्रयोगशाळा गुणून देतात, काही न गुणता. पहिल्या वर्षी न गुणलेला आणि पाचव्या वर्षी गुणलेला आकडा आला तर कागदावर ३० टक्के वाढ झालेली दिसते आणि पडताळणीत प्रकल्प तोंडावर आपटतो.

तपासा: प्रत्येक नमुन्यातली थोडी वाळवलेली माती चिठ्ठी लावून ग्रामपंचायतीत ठेवली का? पुढे प्रयोगशाळा बदलली तर हीच माती दोन्हीकडे तपासून फरक काढता येतो.

टप्पा ५: कागद-पेन्सिलीचा हिशेब

एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. मातीतल्या कार्बनला ३.६७ने गुणलं की तेवढा कार्बन डायऑक्साइड मिळतो.

समजा माती २० सेंटिमीटर खोल, घनता १.३ (घनमीटरला १.३ टन) आणि आकारमानात ३० टक्के दगड. एका हेक्टरात २००० घनमीटर माती, त्याचे २६०० टन, दगड वजा करून १८२० टन. सेंद्रिय कार्बन ०.५ वरून ०.६ टक्के झाला, म्हणजे ०.१ने वाढला, तर वाढ १.८२ टन कार्बन, अर्थात सुमारे ६.७ टन कार्बन डायऑक्साइड. चाळीस हेक्टरांच्या गायरानावर एकूण सुमारे २६७ टन. ही वाढ दहा वर्षांत झाली असं धरलं तर वर्षाला जेमतेम २७ क्रेडिट.

आता यातून वजाबाकी. वणवा किंवा दुष्काळात कार्बन परत उडून जाईल या भीतीपोटी नोंदणीसंस्था काही वाटा राखून ठेवते. मोजमापातल्या अनिश्चिततेपोटी आणखी कपात होते. मोजणी, लेखापरीक्षण आणि नोंदणीचे शुल्क वेगळे. एका गावाच्या गायरानाला हा खर्च झेपत नाही, म्हणूनच कंपन्या अनेक गावं एकत्र बांधतात.

मेंढ्यांचा हिशेब तर बहुतेक जण करतच नाहीत. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या ढोबळ आकड्याप्रमाणे एक मेंढी वर्षाला सुमारे ५ किलो मिथेन सोडते. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, म्हणून २८ने गुणलं तर १४० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं. गवत चांगलं वाढलं की जनावरं वाढतात, हे माळावरचं साधं वास्तव. वरच्या उदाहरणात मेंढ्या १९० ने वाढल्या तर त्या २७ टनांतलं काहीच उरत नाही. उलट, मेंढ्या हाकलून शेजारच्या गावच्या डोंगरावर गेल्या तरी तो तोटा प्रकल्पाच्या नावावर गळती म्हणून लागतो.

हे गणित मांडा आणि कंपनीने सांगितलेली रक्कम शेजारी लिहा. तफावत खूप असेल तर तिचं कारण लेखी मागा. माझ्या मते लहान गायरानाला क्रेडिटचे पैसे हे दुय्यम उत्पन्न धरावं. चारा वाढणं, ओढ्याला पाणी टिकणं हा खरा लाभ, आणि तो करार न करताही मिळवता येतो.

टप्पा ६: ग्रामसभेचा ठराव

ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी ती. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली की ही अट राहत नाही. दीर्घ मुदतीच्या जमिनीच्या विषयावर ही पळवाट वापरू नका, पुढे पहिला आक्षेप तिथेच येतो.

ठरावात गट क्रमांक, क्षेत्र, चराईचा तक्ता, बाहेरून येणाऱ्या वाड्यांच्या वाटा व मुक्काम अबाधित राहतील हे वाक्य, आणि पैशांच्या वाटणीचं सूत्र असू द्या. मेंढपाळांशी झालेल्या बैठकीचं इतिवृत्त सोबत जोडा. ही बैठक वाडे गावात असताना घ्या.

सावधान: 'पुढील सर्व अधिकार सरपंचांना' हे वाक्य ठरावात येऊ देऊ नका.

टप्पा ७: करार वाचणं

करार मराठीत मागा, आणि मराठी व इंग्रजी मजकुरात फरक निघाल्यास मराठी ग्राह्य असं कलम घाला. मग या गोष्टी शोधा.

मुदत किती, आणि मध्येच बाहेर पडायचं झालं तर काय? वणवा, दुष्काळ किंवा अतिक्रमणामुळे कार्बन घटला तर भरपाई कोणी करायची? 'जमीनधारकाने' असं लिहिलेलं असेल तर तिथेच थांबा. वाटा एकूण विक्रीवर आहे की खर्च वजा जाता नफ्यावर? नफ्यावर असेल तर खर्चाचे आकडे कंपनीच्याच हातात राहतात, म्हणून एकूण विक्रीवर कमी टक्का मिळाला तरी तो पत्करा. कंपनी हा करार तिसऱ्याला विकू शकते का? वाद झाल्यास न्यायालय कुठलं, जिल्ह्याचं की दुसऱ्या राज्यातलं? माती आणि उपग्रहाची माहिती गावाला मिळणार का?

शिवाय जुन्या कामांची यादी जोडा. रोहयोतून झालेले चर, आधीपासून चालू असलेली चराईबंदी, वनविभागाची लागवड. जे आधीच चालू आहे त्याचं क्रेडिट मिळत नाही. ते लपवून नोंदणी केली तर पुढे रद्द होते, आणि एकच क्षेत्र दोन प्रकल्पांत दाखवलं गेलं तर दोन्ही अडचणीत येतात.

टप्पा ८: चराईचं वेळापत्रक आणि नोंदवही

सरसकट चराईबंदी ही सोपी वाटणारी चूक. दोन-तीन वर्षं न चरलेलं गवत वाळून तसंच उभं राहतं, त्याखाली नवा फुटवा येत नाही, आणि उन्हाळ्यात एका काडीने सगळा माळ जातो. त्यापेक्षा माळाचे चार-पाच भाग करून पाळीपाळीने चारा. पावसाच्या सुरुवातीला गवताला जोर धरू द्या, आणि दरवर्षी एक भाग बी पडेपर्यंत राखा. राखलेला भाग दरवर्षी बदला, नाहीतर त्याच मेंढपाळाची जवळची जागा कायमची जाते. दिवाळीनंतर जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत काढलेले पट्टे) काढून घ्या.

नोंदवहीत भाग क्रमांक, कळप आत आल्याची व बाहेर गेल्याची तारीख, अंदाजे जनावरं आणि वणवा लागला असल्यास जळालेलं क्षेत्र लिहा. नोंद मेंढपाळ आणि ग्रामपंचायतीच्या माणसाने मिळून करावी आणि महिन्याला एकदा पानाचा फोटो काढून ठेवावा. वर्षाअखेरीस पाच मिनिटांत आठवून भरलेली वही पडताळणी करणाऱ्याला लगेच ओळखू येते: शाई एक, अक्षर एक आणि एकही खाडाखोड नाही.

पहिल्या पडताळणीनंतर नोंदणीसंस्थेच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नावाने किती क्रेडिट निघाले आणि किती वापरून रद्द झाले ते कोणालाही पाहता येतं. तो आकडा काढा, कंपनीच्या हिशेबपत्रकाशी ताडून पाहा, आणि दोन्ही कागद ग्रामसभेत वाचून मगच वाटणीचा धनादेश स्वीकारा.